डास निबर का झाला आणि आपण काय करायचे?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा दर, कालव्याचे आवर्तन आणि विजेचे बिल हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज आम्ही डासावर बोलणार आहोत. काहींना नवल वाटेल. डासाचे काम आरोग्य खात्याचे, त्यात शेतकऱ्यांच्या चळवळीने का पडावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो चुकीचा नाही. त्याचे उत्तर आधी देतो.

ऊस तोडणीला आला, टोळी फडात उतरली आणि टोळीतली चार माणसे तापाने आडवी झाली की फड थांबतो. चिकुनगुनिया झालेल्या माणसाचा ताप आठवडाभरात उतरतो, पण सांधे काही आठवडे आणि कित्येकांचे काही महिने धरलेले राहतात. ज्याची मूठ वळत नाही त्याच्या हातात कोयता राहत नाही आणि ज्या बाईची बोटे आखडली ती खुरपे धरू शकत नाही. दवाखान्याचा खर्च घरातून, बुडालेली मजुरी घरातून आणि लांबलेल्या तोडणीचा तोटाही घरातूनच. शेतीच्या उत्पादन खर्चाच्या कोणत्याही हिशेबात हा आकडा धरलेला नसतो. म्हणून हा आपला विषय आहे.

दुसरे कारण असे. डास औषधाला दाद देत नाही, अशी ओरड झाली की बोट शेतकऱ्याकडे जाते. "तुम्ही पिकावर वाटेल तशी औषधे मारता, म्हणून डास निबर झाले" असे सांगितले जाते. हा आरोप कितपत खरा आहे, हे आपणच नीट तपासले पाहिजे. आरोप झाला म्हणून मान खाली घालायची नाही आणि आपल्यावर आला म्हणून झटकूनही टाकायचा नाही.

हे दूरचे दुखणे नाही

बार्शी आपल्यापासून फार लांब नाही. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. त्यानंतर हा रोग देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. तीसेक वर्षांनी, २००५-०६ साली, तो परत आला आणि महाराष्ट्रातल्या गावागावांत लोक वाकून चालू लागले. २०२१ च्या जुलै महिन्यात शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी झिकाचा रुग्ण सापडला. महाराष्ट्रातला तो पहिला रुग्ण. मुंबई-पुण्याच्या आधी तो एका शेतकरी गावात सापडला, हे लक्षात ठेवा. डेंगी तर आता पावसाळ्यातला नेहमीचा पाहुणा झाला आहे.

डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही रोग मुख्यतः एडिस नावाचा डास पसरवतो. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस वेगळा. तो रात्री चावतो आणि चारी, पाझर, डबकी, विहिरी अशा पाण्यात वाढतो. गटारातल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स तिसरा. तिघांची राहणी वेगळी, म्हणून तिघांवर उपायही वेगळा. गावात मात्र तिघांवर एकच उपाय होतो, तो म्हणजे धूर. संध्याकाळी यंत्र गल्लीतून फिरते, पोरे मागे पळतात, फोटो निघतो. एडिसची अंडी घराच्या हौदात आणि धूर रस्त्यावर! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. धुराने त्या घडीला उडत असलेले डास मरतात. साथ भडकली असताना त्याचा थोडा उपयोग आहे. पण आळ्या जागच्या जागी राहतात आणि आठवड्याभरात नवी फौज तयार होते.

डीडीटीची कहाणी

डास निबर होण्याची गोष्ट समजून घ्यायची तर डीडीटीपासून सुरुवात करावी लागेल. आपल्या मुंबई इलाख्यात १९४५-४६ च्या सुमारास डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली धारवाड आणि कारवार भागात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे काम सुरू झाले. त्याचे निकाल इतके चांगले आले की १९५३ साली देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम उभा राहिला आणि १९५८ साली त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९६५ साली रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास आली. खेड्यापाड्यांतून "डीडीटीवाले आले" ही आरोळी आजही जुन्या माणसांच्या कानात आहे.

आणि मग? १९७६ साली तीच नोंद साडेचौसष्ट लाखांच्या घरात गेली.

कारणे अनेक होती. मलेरिया संपला असे समजून पैसा आणि माणसे कमी झाली. डीडीटी वेळेवर मिळेना. शहरांकडे दुर्लक्ष झाले. रोगाचा जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासा होऊ लागला. आणि डासही निबर झाला. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणाऱ्या मुख्य डासाला, म्हणजे ॲनोफिलीस क्युलिसिफेसीसला, डीडीटी लागू पडत नाही हे १९५९ सालीच पंचमहाल जिल्ह्यात दिसून आले होते. तेव्हा गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच मुंबई राज्य होते. पुढे १९६९ पासून महाराष्ट्र-गुजरातेत मॅलाथिऑन आणावे लागले आणि थोड्याच वर्षांत त्यालाही निबर झालेले डास सापडले.

निबर होणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हिरव्या बोंडअळीने आपल्याला ते शिकवले आहे. हजार अळ्यांत दोन-चार जन्मतःच टणक असतात. औषधाने बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. औषध कीड बदलत नाही, निवडते. जितक्या वेळा तेच औषध मारू, तितक्या वेळा तीच निवड होते. डासाची पिढी तर दोन-तीन आठवड्यांची. वर्षभरात त्याच्या कितीतरी पिढ्या या चाळणीतून जातात.

दोष कोणाचा?

आता आरोपाकडे येऊ. १९८१ साली चॅपिन आणि वॉसरस्ट्रॉम या दोन अभ्यासकांनी 'नेचर' या नियतकालिकात असे मांडले की मध्य अमेरिकेत आणि भारतात मलेरिया परत उसळला, त्यामागे शेतीतला, विशेषतः कापसावरचा, कीटकनाशकांचा वापर आहे. आपल्याकडच्या व्ही. पी. शर्मा आणि के. एन. मेहरोत्रा या शास्त्रज्ञांनी हे म्हणणे खोडून काढले. भारतात मलेरिया उसळला तो फवारणीचा कार्यक्रम ढिला पडल्यामुळे, साधनसामग्री अपुरी पडल्यामुळे, असे त्यांनी दाखवले.

पण म्हणून शेती सर्वस्वी निर्दोष ठरते का? तेही नाही. आफ्रिकेत बुर्किना फासो, बेनिन अशा देशांत कापसाच्या आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात ॲनोफिलीस डास अधिक निबर असल्याचे आढळले आहे. शेतातून वाहून आलेले औषध डबक्यात उतरते आणि तिथे वाढणाऱ्या आळीला त्याची थोडी थोडी मात्रा रोज मिळते. मच्छरदाणीला लावतात ते डेल्टामेथ्रिन आणि दुकानातून बाटलीत मिळते ते डेल्टामेथ्रिन एकच आहे. शेतात त्याचीच भावंडे, सायपरमेथ्रिन आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. एकाला निबर झालेला डास बहुधा दुसऱ्यालाही भीक घालत नाही.

तेव्हा आमचा निवाडा असा. चारीत आणि पाझरात वाढणाऱ्या ॲनोफिलीसच्या बाबतीत शेतीच्या औषधांचा वाटा असू शकतो आणि तो आपण मान्य केला पाहिजे. पण एडिस वाढतो तो पिंपात, हौदात, टायरात. तिथे आपला फवारणी पंप पोचत नाही. तिथे पोचतो तो आरोग्य खात्याचा टेमेफॉस, गल्लीतला धूर आणि घरोघरच्या अगरबत्त्या, कॉइल आणि विजेवरच्या बाटल्या. एडिस निबर झाला तर त्याचे बिल उसाच्या किंवा डाळिंबाच्या बागेवर फाडता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. औषध कोणते वापरायचे हे शेतकरी ठरवतो कुठे? बीएचसी पावडर वर्षानुवर्षे सरकारी शिफारशीने आपल्या बांधापर्यंत आली आणि १९९७ साली बंद झाली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला. शिफारस खात्याची, जाहिरात कंपनीची, उधारी दुकानदाराची आणि दोष मात्र शेतकऱ्याचा, हा हिशेब आपण मान्य करणार नाही.

मेला नाही तरी वागणे बदलते

आतापर्यंत आपण डास मरतो की नाही एवढेच पाहिले. पण औषधाचा दुसरा परिणाम तितकाच मोठा आहे. औषधाने डासाचे वागणे बदलते.

डीडीटीच्या भिंतीवर बसलेला डास पुष्कळदा मरण्याआधीच बेचैन होऊन उडतो आणि घराबाहेर पडतो. घरातल्या माणसाला याचा फायदाच होतो. पण तो डास मरतोच असे नाही. घर फवारले आणि गोठा सोडला, तर तो गोठ्यात जाऊन विसावतो. क्युलिसिफेसीसला तसेही जनावराचे रक्त आवडते. आफ्रिकेत बेनिन आणि सेनेगल या देशांत औषधी मच्छरदाण्या घरोघर पोचल्यावर फ्युनेस्टस नावाच्या डासाने चावण्याची वेळच बदलल्याचे दिसले. माणूस मध्यरात्री जाळीत असतो, तर हा पहाटे आणि उजाडल्यावर चावू लागला. म्हणजे धारेला किंवा पाणी धरायला पहाटे उठणारा माणूस त्याच्या तावडीत आला.

येथे आपल्या भागातली एक गोष्ट पाहा. घरात फवारणी करण्याची सगळी पद्धत भिंतीवर उभी आहे. ऊसतोड मजुराच्या कोपीला भिंत कुठे असते? पाचट, चिपाड, बांबू आणि प्लॅस्टिकचा कागद. मराठवाड्यातून आलेली टोळी कालव्याच्या किंवा ओढ्याच्या कडेला उतरते, उघड्यावर झोपते आणि भल्या पहाटे फडात असते. फवारणीवाला येतो, गावातली घरे मोजतो आणि जातो. कोपी त्याच्या यादीत नसते. रात्रीच्या डासाला, पहाटेच्या डासाला आणि दिवसाच्या डासाला, तिघांनाही मोकळे रान!

निबर डासाच्या बाबतीत एक दिलासाही आहे. निबर डास औषधाला शिवून लगेच मरत नाही, पण त्याचे आयुष्य घटते. आफ्रिकेतल्या निबर ॲनोफिलीसवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधी जाळीच्या संपर्काने त्यांचे आयुष्य निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे दिसले. तेव्हा "डास निबर झाले, आता मच्छरदाणी कशाला" असे म्हणून जाळी अडगळीत टाकू नका.

जंतू डासाला कसा वागवतो?

आता दुसरी बाजू. डासाच्या पोटात रोगाचा जंतू शिरला की डासाच्या वागण्यात काय फरक पडतो?

मलेरियाचा जंतू माणसाच्या रक्तातून डासाच्या मादीच्या पोटात जातो. तिथे त्याची वाढ होते आणि साधारण दहा-बारा दिवसांनी तो तिच्या लाळेत उतरतो. त्यानंतरच ती रोग देऊ शकते. डासात मलेरियाचा जंतू पहिल्यांदा पाहिला तो रोनाल्ड रॉस यांनी, आपल्याच देशात, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी.

शंभर वर्षांनी, १९९८ साली, टांझानियातल्या डासांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डासांच्या पोटातले रक्त किती माणसांचे आहे ते तपासले गेले. लाळेत जंतू नसलेल्या डासांत शंभरातल्या दहांच्या पोटात एकाहून अधिक माणसांचे रक्त होते. लाळेत जंतू असलेल्यांत हे प्रमाण बावीस निघाले. म्हणजे रोगट डास एका माणसावर थांबत नाही, एका रात्रीत दोन-तीन माणसांना टोचत सुटतो. असे का होते याचे एक कारण प्रयोगशाळेत दिसले आहे. डासाच्या लाळेत रक्ताची गुठळी होऊ न देणारे एक द्रव्य असते. जंतू लाळेच्या ग्रंथीत शिरला की ते कमी पडते, रक्त भरभर ओढता येत नाही आणि मादीला पुन्हा पुन्हा सोंड खुपसावी लागते. प्रत्येक खुपसण्याबरोबर जंतू दुसऱ्याच्या अंगात जाण्याची संधी वाढते. उलट जंतू पोटात वाढत असतो, अजून तयार नसतो, तेव्हा डास चावण्यासाठी फार धडपड करत नाही असे प्रयोगांत आढळले. जो कमी चावतो तो कमी वेळा चिरडला जातो. जंतूच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सोयीच्या.

माणसाच्या बाजूनेही असाच प्रकार घडतो. २००५ साली केनियात मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या रक्तात मलेरियाचा पसरणारा टप्पा होता, त्यांच्याकडे इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट डास ओढले गेले. औषधोपचार होऊन जंतू गेल्यावर तीच मुले डासांना इतरांसारखीच झाली.

शास्त्रज्ञांत यावर वाद आहे, तोही सांगितला पाहिजे. जंतू डासाला मुद्दाम असे वागायला लावतो असे काहींचे म्हणणे. इतर म्हणतात, डासाचे शरीर कोणत्याही संसर्गाशी झुंजताना असेच वागते. २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात मेलेले साधे जिवाणू टोचूनही डासाच्या चावण्याच्या वागण्यात तसाच फरक पडला. कारण काहीही असो, शेतकऱ्याने घ्यायचा धडा एकच. डास किती आहेत यापेक्षा रोगी डास किती आहेत आणि तापाचा माणूस किती दिवस बिनऔषधाचा पडून आहे, यावर साथ ठरते.

म्हणून रक्त तपासणीला महत्त्व आहे. ताप आला की दुकानातली गोळी घेऊन फडात जायचे, ही रीत मोडली पाहिजे. व्हायव्हॅक्स मलेरियाचा प्रायमाक्विनचा उपचार चौदा दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या टाकून दिल्या, तर यकृतात दडलेला जंतू पुन्हा उठतो. डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि सांगितले तितके दिवस पुरे करा. आणि डेंगीच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याचा डास दिवसा चावतो.

म्हातारा डासच घातकी

येथे एक हिशेब मांडतो. जंतू तयार व्हायला बारा दिवस लागतात असे धरा. रोज शंभरातले नव्वद डास जगत असतील, तर बारा दिवसांनी अठ्ठावीस उरतात. रोज ऐंशी जगत असतील, तर सात उरतात. रोज सत्तरच जगत असतील, तर जेमतेम एक उरतो. म्हणजे रोजच्या मरणात थोडी भर पडली, तरी रोग देण्याच्या वयाला पोचणारे डास जवळजवळ संपतात. गावात डास दिसत राहतील, पण ते तरुण असतील. तरुण डास चावतो, खाज आणतो, मलेरिया देत नाही.

२००९ साली काही शास्त्रज्ञांनी यावरून पुढचा विचार मांडला. डासाला तरुणपणी झटकन मारणारे औषध निबरपणा लवकर आणते, कारण अंडी घालण्याआधीच कमजोर मरतात आणि टणकांनाच वंश वाढवायला मिळतो. त्याऐवजी डासाला उशिरा, अंडी घालून झाल्यावर पण जंतू तयार होण्याआधी मारणारे काही सापडले, तर रोग थांबेल आणि निबरपणाही फार सावकाश येईल. असे काही आहे का?

आहे, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. हुमणीसाठी आपण शेणखतात मिसळून टाकतो ती मेटारायझियम बुरशी, आणि बव्हेरिया. २००५ साली या दोन्हींवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. टांझानियात घराच्या छताखाली मेटारायझियम लावलेले काळे सुती कापड टांगले. त्यावर बसलेल्या डासांना बुरशी लागली आणि ते लवकर मेले. बव्हेरियाच्या प्रयोगात डास दोन आठवड्यांच्या आत मेले आणि मरण्याआधी त्यांची रक्त पिण्याची इच्छाही कमी झाली. डासाचा परजीवी मलेरियाच्या परजीवीला आडवा आला! अडचण अशी की बुरशीचे बीजाणू उष्णतेने मरतात आणि पुन्हा पुन्हा लावावे लागतात. त्यामुळे घरोघर वापरण्याइतका हा उपाय अजून पुढे आलेला नाही. शेतातली पुडी घरात फवारू नका, हे स्पष्ट सांगतो.

बीटीचेही तसेच. कापसामुळे बीटी सर्वांना माहीत झाले. त्याच जिवाणूचा इस्रायलमध्ये १९७६ साली सापडलेला एक प्रकार डासाच्या आळीला मारतो. तो पाण्यात टाकतात, माणसाला आणि माशाला तो अपाय करत नाही. डेंगीसाठी वोल्बाकिया नावाचा जिवाणू आणखी वेगळ्या पद्धतीने वापरला जातो. तो एडिसच्या अंगात राहिला की डेंगीचा विषाणू तिथे नीट वाढत नाही आणि मादीकडून तो पुढच्या पिढीत जातो. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडले गेले आणि डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले, असा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्राने असे एडिस तयार केल्याचे २०२२ साली जाहीर केले.

लोकरी मावा आठवा. २००२ साली सांगलीकडून तो पसरला, तेव्हा उसाची पाने पांढरी झाली आणि फवाऱ्यांवर फवारे झाले. तो आटोक्यात आला तो मुख्यतः कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकिडींमुळे. शेतकऱ्यांनी त्यांची पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेली. शत्रूचा शत्रू कामाला लावायची विद्या आपल्याला नवी नाही.

आपल्या दोन तालुक्यांत काय करायचे?

बारामती आणि इंदापूर हा कालव्याचा मुलूख. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे. पाण्याने ऊस आला, कारखाने आले, आणि पाझराने चोपण आणि पाणथळ जमीनही आली. उजनीच्या फुगवट्यात पुण्या-पिंपरीचे मैलापाणी येऊन साठते आणि धरण उतरले की काठाने डबकी राहतात. हे सारे पाणी डासाचे घर आहे. पाणी मागणे आपण सोडणार नाही. पण पाण्याचा निचरा मागणे हेही त्याच मागणीचे दुसरे अंग आहे. निचऱ्याने जमीन सुधारते आणि डासही घटतो.

देशात मलेरियाच्या नोंदी २०१५ साली साडेअकरा लाखांवर होत्या, त्या २०२३ साली सव्वादोन लाखांच्या आसपास आल्या. हे यश मोठे आहे. १९६५ सालीही असेच यश हाती होते आणि ढिलाईने ते गेले. म्हणून आजच या मागण्या लावून धरायच्या.

एक. धूर किंवा फवारणी करण्याआधी त्या भागातले डास कोणत्या औषधाने मरतात याची तपासणी व्हावी आणि तिचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. जे औषध लागू पडत नाही त्यावर ग्रामपंचायतीचा पैसा उडवू नये.

दोन. कृषी खाते आणि आरोग्य खाते यांनी हंगामाआधी एकत्र बसावे. घरात वापरायच्या औषधाच्या गटाची शेतीत शिफारस करताना विचार व्हावा आणि दोन्हीकडे औषधांचा फेरपालट व्हावा.

तीन. कारखान्याने टोळी उतरते तिथे प्रत्येक कोपीला औषधी मच्छरदाणी आणि झाकणाची पाण्याची टाकी द्यावी. आठवड्यातून एकदा आरोग्य सेवकाची फेरी आणि तापाच्या माणसाची रक्त तपासणी तिथेच व्हावी. पाटबंधारे खात्याने टोळ्या येण्याआधी गळक्या चाऱ्या दुरुस्त कराव्यात.

चार. रक्ताच्या तपासणीचा निकाल दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या हातात पडावा. आठ दिवसांनी आलेला निकाल रुग्णाच्या कामाचा नाही, फक्त कागदाच्या कामाचा आहे.

मागण्या सरकारकडे आणि कारखान्याकडे. पण काही कामे आपली आहेत, त्यासाठी कोणाची वाट पाहायची नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस घरातले सगळे पाणी उपसून भांडी घासून कोरडी करायची. नुसते ओतून चालत नाही, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. जे उपसता येत नाही त्याला घट्ट झाकण. संडासाच्या टाकीच्या नळीला जाळी. गॅरेजजवळ आणि ट्रॉल्यांच्या अड्ड्यावर पडलेली जुनी टायरे छपराखाली घ्या, नाहीतर त्यांना भोके पाडा. वापरातल्या विहिरीत आणि हौदात गप्पी मासे सोडा, मात्र नदीत किंवा ओढ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते त्रास देतात. फवारणीचा पंप कालव्यात धुऊ नका. औषधाची मात्रा बाटलीवर लिहिली आहे तितकीच घ्या, एकच औषध हंगामभर मारू नका आणि ट्रायकोकार्डाने भागते तिथे बाटली उघडू नका.

प्रत्येक गावातून दोन कार्यकर्त्यांची नावे आज इथे लिहून द्यावीत, त्यांतली एक बाई असावी. घरातल्या पाण्याचा कारभार बायकांच्या हाती आहे आणि हौदात काय वळवळते ते पहिल्यांदा त्यांनाच दिसते. हंगाम सुरू होण्याआधी या कार्यकर्त्यांनी आपल्या शिवारातल्या टोळ्यांच्या उतरण्याच्या जागा, गळक्या चाऱ्या आणि टायरांचे ढीग यांची यादी करायची. ती यादी घेऊन आपण तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, पाटबंधारे खात्याकडे आणि कारखान्याच्या शेतकी खात्याकडे जाऊ. पुढच्या बैठकीत पहिला विषय याच यादीचा असेल. कोणत्या जागेचे काम झाले आणि कोणत्या जागेचे राहिले, ते गावाच्या नावासह वाचून दाखवले जाईल.